वर बघून रस्ता ओलांडणारे गद्रे सर

रस्ता ओलांडताना तुम्ही आधी कुठे बघता? उजवीकडे म्हणाल, तर तुम्ही शाळेत लक्ष दिलेलं आहे. कुठेच बघत नाही म्हणाल, तर तुम्ही पुण्याचे आहात. गद्रे सर आधी वर बघतात.

वर म्हणजे थेट आभाळात. आधी डावा कोपरा, मग थोडं उजवीकडे, मग आणखी थोडं, अशी मान सोंगटीसारखी एकेक घर सरकवत ते अख्खं आभाळ तपासतात. तिथे काही नाही अशी खात्री पटली की पाऊल टाकतात. लक्ष्मी रस्त्यावर एकदा अशीच तपासणी चालू असताना एका सायकलवाल्यानं त्यांना धडक दिली. तो म्हणाला, "काका, वर काय बघताय?" सर धोतर झटकत म्हणाले, "आपण खालून आलात, हे आपल्या दोघांचं नशीब."

हे गद्रे सर आठवड्याचे सहा दिवस पाटबंधारे खात्यात कारकून होते. खडकवासल्याच्या धरणात पाणी किती चढलं, किती उतरलं, याचे तक्ते ते करत. रविवारी मात्र धोतराची विजार होई, डोक्यावरची पांढरी कापडी टोपी तेवढी तीच राही आणि शहराच्या पूर्वेकडच्या माळावर ते आम्हा कॉलेजातल्या मुलामुलींना ग्लायडर चालवायला शिकवत. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. मैदानाच्या एका टोकाला विंच असे, म्हणजे ट्रकच्या इंजिनावर बसवलेलं तारेचं मोठं रीळ. ते धायरीचे बबनराव चालवत. त्या तारेनं ग्लायडर पतंगासारखं वर खेचायचं, आणि उंची आली की चालवणाऱ्यानं तार सोडून द्यायची. पुढचा प्रवास वारा आणि अक्कल यांच्या जोरावर. "यांपैकी वारा इथे मिळेल," असं सर पहिल्या दिवशीच सांगून टाकत.

मी तिथे कशी पोचले, ते सांगायला हवं. आमचं घर येरवड्यात. पुढच्या खोलीत वडिलांचा छापखाना, मागच्या खोलीत आम्ही. छापखान्यात लग्नपत्रिका क्वचित आणि पत्रकं रोज. भाडेकरूंची, हातगाडीवाल्यांची, नळाला पाणी न आलेल्या वस्त्यांची. मी अक्षरं आधी उलटी वाचायला शिकले आणि मग सुलटी. लोहगावहून उडालेलं लढाऊ जेट आमच्या पत्र्यावरून गेलं की पेटीतले अक्षरांचे खिळे थरथरत, आणि वडिलांनी अर्धा तास खपून जुळवलेल्या ओळीतून एखादी वेलांटी उडी मारून जमिनीवर जाई. ती शोधायचं काम माझं. बाजेखाली आडवी होऊन वेलांट्या शोधता शोधता माझं लढाऊ विमानांविषयीचं मत तयार झालं. आभाळावर या लोकांचा एवढा हक्क कसा, हे वर जाऊनच बघावं, म्हणून मी ग्लायडर शिकायला गेले.

सर सगळ्यांना 'अहो' म्हणत. मी एकोणीस वर्षांची होते, तरी पहिल्या दिवसापासून 'सुर्वेबाई'. दोन माणसांच्या ग्लायडरमध्ये शिकणारा पुढे बसतो आणि शिकवणारा मागे. माझ्या हातून नाक फार वर गेलं, की मागून शांत आवाज येई, "सुर्वेबाई, आपला वेग संपत आलेला आहे. आपणा दोघांचं काही बरंवाईट व्हावं अशी आपली इच्छा नसेल, तर कृपया दांडी पुढे करावी." वाक्यातला 'कृपया' येईपर्यंत आम्ही दगडासारखे खाली निघालेलो असू. पण सरांनी कधी वाक्य अर्धं सोडलं नाही.

आमच्याच आभाळातून ती लोहगावची जेट जात. आमचा वेग एखाद्या बऱ्या स्कूटरएवढा. त्यांचा वेग एवढा, की विमान निघून गेल्यावर आवाज येई. ग्लायडरमध्ये रेडिओ नव्हता. म्हणून विमानतळाच्या मनोऱ्यानं आम्हांला एक उंची ठरवून दिली होती, तिच्या वर जायचं नाही. सर त्या उंचीला 'माळा' म्हणत. "माळ्यावर चढायचं नाही. तिथे मोठ्यांचं सामान असतं."

मैदानातल्या शेडमध्ये एक काळा टेलिफोन होता. रविवारी सकाळी सर मनोऱ्याला फोन करून 'आमची इतकी उडणार' म्हणून सांगत, आणि संध्याकाळी 'सगळी उतरली' म्हणून. मधेच जेट खालून येणार असतील तर मनोऱ्याचा फोन येई. मग मैदानाच्या मध्यावर लाल कापड पसरायचं. ते वरून दिसलं की असेल तिथून खाली यायचं. पूर्वीचं कापड उन्हानं विटून गुलाबी झालं होतं. सर म्हणाले, "गुलाबी रंगाला कोण भितं?" आणि घरची चादर लाल रंगात बुडवून घेऊन आले. पुढे दोन-तीन महिने त्यांचे शर्ट, पंचे, रुमाल सगळे गुलाबी दिसत. एकटा माणूस, बादली एकच.

हवेत भ्यायचं कशाला, तेही त्यांनी शिकवलं. "काचेवर जो ठिपका सरकतो, तो शेजारून जाणार. त्याला नमस्कार करा. जो एकाच जागी बसून नुसता मोठा होत जातो, तो आपल्यासाठी निघालेला. हलत नाही तो आपला." हे सूत्र ते जमिनीवरही लावत. एकदा मैदानाकडे येताना समोर एक बैल उभा होता. मी म्हटलं, "सर, गरीब दिसतो, हलतसुद्धा नाहीये." सर माझ्या मागे सरकत म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

पण सरांच्या दोन सवयींचा मात्र कुणाला अर्थ लागत नसे.

एक म्हणजे टोपी. कुठेही जेटचा आवाज आला की सर टोपी काढून डोक्याच्या वर धरत आणि आवाज संपेपर्यंत धरून ठेवत. रेशनच्या रांगेत, केस कापून घेताना मांडीवरची उचलून, कुणाच्या दहाव्याला. तुळशीबागेत एकदा एका बाईंना वाटलं, हे आपल्यालाच. त्या म्हणाल्या, "ओळखलं नाही मी." सर वर बघतच म्हणाले, "मीही नाही." मला तर या टोपीचा संतापच होता. ज्यांनी आमच्या वेलांट्या पाडल्या, त्यांना मुजरे कसले करायचे?

दुसरी सवय पोस्टकार्डांची. कुणीही गावाला निघालं की सर त्याच्या हातात कोरं कार्ड ठेवत. स्वतःचा पत्ता आधीच लिहिलेला. "पोचलात की टाका. मजकूर नको. 'उतरलो' एवढं पुरे." मी मावसबहिणीच्या लग्नाला नागपूरला निघाले तेव्हा मलाही मिळालं. मी म्हटलं, "सर, मी रेल्वेनं जातेय." ते म्हणाले, "रेल्वेतच राहणार आहात का?" नारायण पेठेतल्या त्यांच्या खोलीत बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे अशा कार्डांनी भरलेले होते. जबलपूर, मिरज, कोचीन, एक तर लंडनचं. सगळ्यांवर तोच एक शब्द. बबनराव म्हणायचे, "ताई, मला रोज धायरीला जावं लागतंय, तरी दोनदा कार्ड दिलं सरांनी. मी सवता येऊन दिलं दुसऱ्या दिवशी, तर म्हनले, पोस्टात टाका."

त्या हिवाळ्यात मी 'आभाळ कुणाचं?' नावाचं पत्रक लिहिलं आणि वडिलांच्या मशीनवर दोनशे प्रती काढल्या. आभाळ जनतेचं आहे, ते वेगवान आणि बलवान लोकांनी वाटून घेतलं आहे, आणि माळा वगैरे जे काही आहे, ते आपल्या मनातलं भय आहे, असा त्याचा सूर होता. सरांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "कागद चांगला आहे." पुढच्या रविवारी बबनराव त्यानंच विंचचं ग्रीस पुसत होते.

मार्चमधल्या एका रविवारी मी एकटी वर होते. एकटीनं उडण्याचा माझा तो चौथा का पाचवा आठवडा. दुपारचं ऊन, तापलेली जमीन, आणि खालून वर चढणारी गरम हवा. एक घार त्या हवेत गिरक्या घेत चढत होती, मी तिच्यामागे. ग्लायडरमधल्या माणसाला घारीइतका विश्वासू वाटाड्या नाही. घार पंखही न हलवता चढत होती आणि मी दांडी एका बाजूला धरून तिच्यामागे गोल गोल. उंचीचा काटा माळ्याला टेकला. मग माळ्याच्या वर गेला. खाली मैदान पाटीएवढं झालं होतं आणि त्याच्या मध्यावर कुंकवाएवढा लाल ठिपका उमटला.

मला तो दिसला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळे म्हणाले, दिसला नसेल. मला चादर दिसली आणि मला माझं पत्रक आठवलं. पाच मिनिटं, मी मनाशी म्हटलं. आभाळ कुणाच्या बापाचं नाही.

समोर काचेवर, वाऱ्याची दिशा दाखवायला चिकटवलेला लोकरीचा लाल दोरा असतो. त्याच्या किंचित डावीकडे मला एक काळा कण दिसला. वाटलं, काचेवरची माशी. मग वाटलं, दुसरी घार. कण जागचा हलेना. दोऱ्याच्या डावीकडे होता तिथेच राहिला आणि मोहरीचा मूग झाला, मुगाचा वाटाणा. मग सरांचा आवाज डोक्यात आला, पूर्ण वाक्यासह, आणि मी दांडी पुढे लोटली.

मी दांडी लोटण्याआधीच त्यानं आपलं विमान कुशीवर टाकलं होतं. राखाडी पोट माझ्या डोक्यावरून गेलं. मग आवाज आला आणि मग त्याच्या मागची फाटलेली हवा आली, तिनं मला सुपातल्या दाण्यांसारखं पाखडलं. मी कशी उतरले ते आठवत नाही. चाक जमिनीला लागलं तेव्हा मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसले होते आणि बबनराव काच उघडत म्हणत होते, "सोडा ताई, सोडा. आलं खाली."

सर आले. "कुठे होतात?"

"माळ्यावर."

"चादर दिसली होती?"

"दिसली होती."

सरांनी मान हलवली आणि शेडकडे वळले. ते कशाला चाललेत, ते बबनरावांना माझ्याआधी कळलं. ते मागोमाग धावले, आणि मी शेडसमोरच्या बाभळीपर्यंत. "सर, कुनी बघितलं न्हाई. कशापायी फोन करताय? तिचं उडनं बंद करतील. तुमचं शिकवनं बी बंद करतील. पोरगी हाय, चुकली."

"त्या विमानातल्यानं बघितलंय," सर म्हणाले.

"त्यो कशाला सांगतोय?"

"तो उतरला का?"

बबनरावांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. मला फक्त एक गोष्ट कळत होती. सत्य आणि निर्भयता या विषयांवर मी तोवर अकरा पत्रकं लिहिली होती, आणि त्या क्षणी मी जीव एकवटून इच्छा करत होते, की सरांनी तो फोन उचलू नये.

सरांनी उचलला. सरांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. "गद्रे बोलता है. हमारा एक ग्लायडर माळे पे गया था." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माळा म्हणजे... वो छोडिए. हद के ऊपर गया था. चादर वक्त पे डाली थी, चूक हमारी है. लडकी मेरी विद्यार्थी है, उसको अकेली मैंने छोडा." मग थोडं थांबून, "आपका वो विमान उतरा क्या?"

विमान अजून हवेत होतं.

"मैं ठहरता हूँ," सर म्हणाले.

आणि ते थांबले. टेलिफोन कानाला लावून, दुसऱ्या हातात टोपी. पलीकडच्यानं 'नंतर कळवतो' म्हटलं असणार, कारण सर एकदा म्हणाले, "नहीं, मैं ठहरता हूँ." बबनरावांनी चहा आणून समोर ठेवला. चहावर साय धरली. आभाळ त्यांना शेडच्या दारातून चौकोनी दिसत होतं आणि सर तेवढ्यातही ते एकेक घर तपासत होते. मला पहिल्यांदाच भीती वाटली ती विमानातल्या त्या दुसऱ्या माणसासाठी. इतका वेळ माझ्या लेखी ते एक जेट होतं. त्यात कुणी बसलेलं असतं, हे मी धरलंच नव्हतं.

अखेर पलीकडून आवाज आला. सरांनी ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला काहीच कळेना. ते म्हणाले, "जी. उतरी. हाँ, ठीक है. जमीन पे बैठी है, पानी पी रही है." मग, "उनको बोलना..." पूर्ण वाक्याशिवाय न बोलणाऱ्या गद्रे सरांना पुढचे शब्द सापडेनात. शेवटी नुसतंच, "धन्यवाद बोलना. धन्यवाद."

फोन ठेवून ते बाहेर आले आणि बाभळीखाली माझ्या शेजारी जमिनीवर बसले. "तो उतरला," ते म्हणाले. "उतरल्या उतरल्या त्यानं आधी विचारलं, ग्लायडरवाला पोचला का. मी म्हटलं, पोचली."

मग गवताची काडी मोडत म्हणाले, "अठरा वर्षं झाली. मीही माळ्यावर होतो. घारीच्याच मागे. ठिपका हलेना, मी बघत राहिलो. आपण निदान दांडी लोटलीत, मला तेही सुचलं नाही. तोच बाजूला झाला. असा पंख आडवा करून खाली गेला, दिवे घाटाच्या डोंगरामागे. पुन्हा वर आलेला मला दिसला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसला नाही. एवढंच."

"पेपरात काही आलं होतं?"

"नाही. म्हणजे उतरला असणार." मग पुन्हा म्हणाले, "असणार."

"मग तेव्हा फोन करून विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं, तर मी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं. परवाना गेला असता."

"मग?"

"परवाना राहिला," सर म्हणाले.

मला सहा महिने एकटीनं उडायला बंदी झाली. सरांनाही तेवढे महिने कुणाला एकट्यानं सोडायची मनाई झाली. ते सहाही महिने सर दर रविवारी आले, खुर्ची टाकून बसले, फोन केले, चादर पसरली, चादर उचलली. मीही त्यांच्यासोबत चादरीचं दुसरं टोक धरत असे. एकदाही त्यांनी मला त्या दुपारवरून काही ऐकवलं नाही. पुण्याच्या माणसाला हे किती जड जातं, ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

माझा जीव दोन माणसांनी वाचवला. एकानं कुशीवर वळून, आणि दुसऱ्यानं त्याआधीचे कित्येक रविवार मला एकच वाक्य ऐकवून. पहिल्याचं नाव मला कळलं नाही. लढाऊ विमानांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. येरवड्यातले खिळे अजून थरथरतात आणि त्यावर मी पुन्हा पत्रक लिहीन. पण बाजेखाली वेलांटी शोधताना आता मी आधी आवाज दूर जाईपर्यंत ऐकते. नीट गेला, की मग शोधायला लागते.

मला वाटलं होतं, त्या दुपारनंतर सरांची टोपी शांत होईल. निरोप मिळाला, धन्यवाद सांगून झाले. पुढच्याच रविवारी एक जेट गेलं आणि टोपी वर गेली. आवाज संपेपर्यंत वरच राहिली.

मी विचारलं, "सर, अजून? तो उतरला ना?"

सर टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "तो दुसरा होता."

सर आता निवृत्त झाले आहेत. उडत नाहीत. नारायण पेठेतली खोली सोडून ते धायरीला बबनरावांच्या शेजारी राहायला गेले, कारण तिथे आभाळ जास्त दिसतं. सिंहगड रस्त्यावर कुणी पांढऱ्या टोपीचे गृहस्थ आधी वर बघून मग रस्ता ओलांडताना दिसले, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. गाडी थांबवा, त्यांची तपासणी पुरी होऊ द्या.

आणि एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारी कुणी निवृत्त लढाऊ वैमानिक असतील, तर त्यांना आज विचारा. फार वर्षांपूर्वी, पुण्याच्या पूर्वेला, इंजिन नसलेल्या एका विमानाला चुकवून तुम्ही दिवे घाटाकडे खाली गेला होता का? ते हो म्हणाले, तर या पुस्तकाच्या प्रकाशकांच्या पत्त्यावर त्यांना एक पोस्टकार्ड टाकायला सांगा. मी ते धायरीला पोचवीन. नाव नको, तक्रार असेल तर तीही नंतर करता येईल. 'उतरलो' एवढं लिहिलं तरी पुरे.